बूचसाहेबांचा गळका गोळा

पाण्याचे पाइप बूचसाहेबांना घाबरायचे. खोटं वाटत असेल तर त्यांच्या खात्यात जाऊन कुणालाही विचारा. उभी हयात पाणीखात्यात गेली, आणि त्यातही गळती बंद करायच्या विभागात. भर रस्त्यात चालता चालता थांबायचे, मान तिरकी करायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "इथे खणा." खणलं की फुटका पाइप निघालाच म्हणून समजा. एकदा तर म्हणे ते नुसते चौकात येऊन खाकरले आणि समोरचा टपटपणारा नळ जागच्या जागी गप्प झाला. आता तो नळ त्याच वेळी आतून कुणी बंद केलाही असेल, पण आपण कशाला कुणाच्या कर्तबगारीला नख लावा? त्यांचं खरं नाव लोकांना फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं. एरवी सगळ्या गावाचे ते बूचसाहेब.

आणि अशा माणसाचा स्वतःचा ट्रक गळायला लागला!

ट्रक खरं तर त्यांचा नव्हता, त्यांच्या बायकोचा होता. तिला सगळी इमारत वहिनी म्हणायची, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. तर वहिनींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पाहायला निघाल्या नव्हत्या असं नाही. दर उन्हाळ्यात बॅगा भरायच्या, आणि दर उन्हाळ्यात कुठली तरी मोठी लाइन फुटायची. एकदा तर गाडीत बसलेले साहेब स्टेशनवर उतरले ते उतरलेच. हातात पाण्याची बाटली होती, ती वहिनींच्या हातात देऊन म्हणाले, "आलोच." ते आले तेव्हा उन्हाळा संपला होता.

म्हणून साहेब निवृत्त झाले त्या दिवशी वहिनींनी त्यांच्या हारतुऱ्यांसमोरच सांगून टाकलं, "तुमचं पाणी झालं. आता मला माझं पाणी दाखवा." आणि एक जुना, बुटका ट्रक विकत घेतला. गाडी चालवायला त्या स्वतः शिकल्या, आणि अशा शिकल्या की शेवटी शेवटी शिकवणारा मास्तरच "वहिनी, ती अरुंद गल्लीतली रिव्हर्स परत एकदा दाखवा" म्हणायला लागला. साहेबांनीही शिकून पाहिलं. पण रस्त्यात गटाराचं झाकण दिसलं की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, आणि गटाराची झाकणं काही कमी नसतात. मास्तरांनी हात जोडले. तेव्हा ठरलं, वहिनींनी चालवायचं आणि साहेबांनी शेजारी बसून रस्ता सांगायचा. ट्रकच्या मागच्या भागात पट्ट्यांची खाट आली, स्टोव्ह आला, फुलाफुलांचा पडदा आला. सोमवारी सकाळी समुद्राकडे निघायचं ठरलं.

"सोमवारी मी निघणार," वहिनी म्हणाल्या. "ट्रक असला तर ट्रकनं, नाहीतर धाकटीबरोबर बसनं. तुम्ही घरी बसा मग."

धाकटी म्हणजे त्यांची बहीण. तिचा फोन रोज यायचा. "भावजी, तुम्ही कशाला उगाच दगदग करता? मी नेते ताईला. तुम्ही नळ बघा हो घरचे." असं गोड बोलायची की ऐकणाऱ्याचे कान दुखावेत.

आणि आठवडाभर आधी, अंगणातल्या नव्याकोऱ्या फरशीवर, ट्रकच्या पोटाखाली, काळा थेंब दिसला.

"अहो, तेल गळतंय," वहिनी म्हणाल्या.

"गळत नाहीये. पाझरतंय," साहेब म्हणाले. "गळणं वेगळं, पाझरणं वेगळं. खात्यात त्याचे दोन वेगळे विभाग होते."

"मग तुमच्या पाझरण्याखाली बादली ठेवू का?"

साहेब तडक ट्रकखाली गेले. आता ट्रकखाली काय असतं ते सांगायला हवं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो. गॅरेजवाले त्याला डिफरन्शियल म्हणतात. त्यात दातेरी चाकं तेलात बुडून फिरतात आणि इंजिनाची ताकद दोन्ही बाजूंच्या चाकांना वाटून देतात, सासूनं दोन सुनांना काम वाटून द्यावं तशी. वळणावर एकीला जास्त, एकीला कमी, आणि तरी घर चालत राहतं. तर वहिनींच्या ट्रकच्या या सासूबाई पार गंजल्या होत्या. साहेबांनी बोटानं टकटक केली. पापुद्रे सुटले ते थेट त्यांच्या मिश्यांवर. बाहेर आले तेव्हा लाल मिश्यांचे साहेब बघून तळमजल्यावरच्या आत्याबाई दचकल्याच.

"अगं बाई! मिश्या रंगवल्या?"

"गंज आहे, आत्याबाई."

"मग साबण चोळ. गळतीवर साबणासारखं औषध नाही. आमच्या ह्यांनी मोटारीच्या टाकीला साबण चोळला, तो अख्खा जन्म टिकला."

"कुणाचा जन्म? टाकीचा की ह्यांचा?"

"टाकीचा. ह्यांना मी साबण चोळला नव्हता."

तोवर दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर दवाखान्यात जायला निघाले होते, ते थांबले. गोळ्याच्या आत दात असतात एवढंच त्यांनी ऐकलं आणि बॅग खाली ठेवली. "दात आहेत ना? मग पेशंट माझा. आधी कीड साफ करायची, मग भरायचं. वरवर मलम लावून उपयोग नाही, साहेब. पेशंट हेच चुकतात." इमारतीचे चेअरमनही आले. ते फार बोलले नाहीत. त्यांनी डागाकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, आणि घरात जाऊन एक मोठा पांढरा ट्रे आणून ट्रकखाली सरकवला. "सल्ला मला देता येत नाही, साहेब. पण थेंब मोजता येतो," असं म्हणून गेले. ज्या माणसाला बघून नळ गप्प व्हायचे त्याच्या ट्रकखाली ट्रे! साहेबांना तो ट्रे म्हणजे पाळण्याखाली अंथरलेल्या फडक्यासारखा वाटला. दिवसभर त्यांना जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

गॅरेजमध्येही नेऊन झालं. गॅरेजवाला गोळ्याकडे बघून म्हणाला, "उघडावं लागेल."

"उघडल्याशिवाय कळत नाही? मी रस्त्यावरून चालताना जमिनीखालचं सांगायचो."

"मग सांगा की."

साहेबांनी मान तिरकी केली, डोळे मिटले. गॅरेजमध्ये तीन हातोडे, एक रेडिओ आणि एक कुत्रं चालू होतं. साहेबांनी डोळे उघडले.

"ठेवून जा," गॅरेजवाला म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बघतो."

"पुढच्या आठवड्यात आम्ही समुद्रावर असणार."

"जा की समुद्रावर. ट्रक ठेवून जा."

झालं. साहेबांचा तोल सुटला. अंगात जुनं खातं संचारलं. घरी येऊन त्यांनी माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. तीत तागाचे पेळू होते, सफेद्याचे डबे होते, लाकडी बुचं होती, लहान, मोठी, मधली. पाइपला भोक पडलं की लाकडी बुचाला ताग गुंडाळायचा, सफेदा फासायचा आणि हातोडीनं ठोकायचं. सगळ्या गावाचं पाणी त्यांनी असंच धरून ठेवलं होतं. एका ट्रकचं तेल ते काय!

"अगं, तू पडदे धुऊन घे," ते वहिनींना म्हणाले. "ट्रक माझ्यावर सोड."

वहिनींनी धाकटीला फोन लावला आणि बसच्या वेळा विचारून ठेवल्या.

काम मात्र जोरात झालं. डॉक्टर पांढरा कोट घालून ट्रकखाली गेले. दात घासायचं ते गर्रगर्र फिरणारं यंत्र लांब वायर लावून अंगणात आणलं होतं. सवयीनं गोळ्याला म्हणाले, "आ करा." एवढा गंज निघाला की आत्याबाईंनी तो केराच्या सुपलीनं भरून कुंडीत टाकला. त्या कुंडीतल्या गुलाबाला पुढे लोखंडी काटे आले असं त्या सांगतात. मी तो गुलाब पाहिलेला नाही, पण आत्याबाईंच्या बोटाला पट्टी पाहिली आहे. गंजाखाली टाचणीएवढं भोक सापडलं. डॉक्टरांनी त्यात लेप भरला, साहेबांनी वरून हिरवा रंग दिला, पाणीखात्याच्या टाक्यांचा असतो तो. आत नवं तेल भरलं.

आणि मग साहेबांना ते दिसलं. गोळ्यातून चाकाकडे जाणाऱ्या नळकांड्याच्या माथ्यावर एक इवलीशी टोपी होती, गंजून लोंबणारी. हात लावताच ती हातात आली. खाली आरपार भोक. भोकाच्या कडेला तेलाचा ओशटपणा.

"सापडला चोर!" साहेब ओरडले. "डॉक्टर, हे बघा! कारखान्यातच भोक उघडं ठेवलंय. आणि म्हणे उघडल्याशिवाय कळत नाही!"

"रूट कॅनल," डॉक्टर मान हलवत म्हणाले.

खालून हात नीट पोचत नव्हता. म्हणून साहेब ट्रकमध्ये चढले, खाट सरकवली, तळाची एक फळी उचकटली आणि वरून ठोकायला बसले. उत्तम, सुकलेल्या लाकडाचं बूच. तागाचे वेढे. सफेद्याचा जाड थर. प्रत्येक घावाला इमारतीच्या काचा थरथरत होत्या. ठोकून झाल्यावर साहेबांनी खाट जागेवर सरकवली आणि घाम पुसला. फळी मात्र बाहेर भिंतीला टेकून उभीच राहिली.

सकाळी ट्रे कोरडा! चेअरमननी बोट फिरवून पाहिलं. बोटही कोरडं. साहेबांनी सगळ्या इमारतीला चहा पाजला आणि चहाबरोबर पाइपांवर व्याख्यान पाजलं. धाकटीचा फोन आला तेव्हा रिसीव्हर स्वतः उचलला. "तुमची बस रद्द करा," म्हणाले. "समुद्राला सांगा, आम्ही येतोय."

मग वहिनींनी ट्रक सहज म्हणून बाहेर चक्कर मारायला नेला. तासाभरानं परत आल्या तेव्हा पुढच्या तोंडाशी, जिथे इंजिनाकडून येणारा दांडा गोळ्यात शिरतो, तिथून तेल येत होतं. साहेब म्हणाले, "हे नवं आहे," आणि तिथे ताग दाबला. दुसऱ्या दिवशी पुन्हा चक्कर. आता डाव्या चाकापाशी तेल. तिथे ताग. मग उजव्या. तिथे ताग. उंदीर एका बिळातून हाकलावा आणि त्यानं दुसऱ्यातून तोंड काढून मिश्या हलवाव्यात, तसं चाललं होतं. शुक्रवारपर्यंत तो गोळा असा काही जखडला गेला, की आतून हवेलासुद्धा परवानगीशिवाय बाहेर पडता येऊ नये.

"बघ," साहेब वहिनींना म्हणाले, "आता कुठून येईल?"

"मला तेच विचारायचंय," वहिनी म्हणाल्या. "कुठून येईल?"

शनिवारी तपासणी होती. एवढ्या जुन्या गाडीला तपासणीचा शिक्का नसला तर रस्त्यावर चाक ठेवता येत नाही. शिक्का मिळाला तर समुद्र. नाही मिळाला तर वहिनी धाकटीबरोबर बसमध्ये आणि साहेब घरी नळाशी. डॉक्टर पेशंटची चौकशी म्हणून बरोबर आले. आत्याबाईंना घरी करमत नव्हतं म्हणून त्याही आल्या.

खिडकीमागच्या कारकुनानं आधी पडद्यालाच हरकत घेतली. "ही मालवाहू गाडी आहे. फुलाफुलांचा पडदा कशाला? गाडीत माल कुठला असतो?"

वहिनींनी नवऱ्याकडे बोट केलं. "हा."

कारकुनानं साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाशवंत?"

"टिकाऊ आहे. फक्त जागचा हलत नाही."

"मग चालेल," म्हणून त्यानं पुढे सोडलं. साहेबांनी हा अपमान गिळला. समुद्रासाठी माणसाला काय काय गिळावं लागतं!

इन्स्पेक्टर अंगानं भरभक्कम होता आणि चेहऱ्यानं दगड. त्यानं वहिनींना तपासणीच्या चढावरून ट्रक वर नि खाली, वर नि खाली न्यायला लावला. वहिनींनी असा चालवला की चढालाच सपाट झाल्यासारखं वाटलं असेल. दिवे पाहिले. भोंगा पाहिला. ब्रेक पाहिले. ट्रकखाली वाकून हिरवा गोळा पाहिला. एक थेंब नाही! साहेब छाती काढून उभे होते.

"ठीक दिसतंय," इन्स्पेक्टर म्हणाला. मग मागे चढला, पडदा बाजूला केला, आणि कागद भरायला म्हणून खाटेवर ऐसपैस बसला.

खाली गोळा एव्हाना चांगलाच तापला होता. तापलं की हवा फुगते. फुगलेली हवा वाट शोधते. पुढून ताग, डावीकडून ताग, उजवीकडून ताग. राहिलं वरचं बूच.

धाड!

असा आवाज झाला की खिडकीतल्या कारकुनानं शिक्का चुकून स्वतःच्या हातावर मारला. बूच सुटलं ते नसलेल्या फळीतून वर आलं, खाटेच्या दोन पट्ट्यांच्या मधून गादीत घुसलं, आणि गादीवर त्या क्षणी जो सरकारी भाग टेकलेला होता त्याला जाऊन भिडलं. इन्स्पेक्टर उडाला. किती उडाला याबद्दल मतभेद आहेत. डॉक्टर म्हणतात वीतभर. आत्याबाई म्हणतात, ताडपत्रीला त्याच्या डोक्याचा फुगवटा आला आणि तो पडदा धरून खाली आला. आत्याबाईंची नजर चांगली आहे, तेव्हा आपण त्यांचंच धरू.

खालून मोठा "हुश्श" ऐकू आला. दिवसभर पोटात धरलेला श्वास कुणी तरी सोडावा तसा.

इन्स्पेक्टर पडद्यातून बाहेर आला. एक हात मागे होता. दुसऱ्या हातात बूच होतं. "हे," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "कुणी मारलं?"

वहिनी नुसत्या साहेबांकडे बघत राहिल्या. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते.

साहेब मात्र बुचाकडे बघत होते. त्यांची मान तिरकी झाली, डोळे मिटले, आणि मग उघडले ते चांगले मोठे झाले. पाइपात हवा कोंडली तर पाइप सांध्यातून फुटतो, म्हणून प्रत्येक मोठ्या लाइनच्या माथ्यावर हवा जायला झडप ठेवतात. अशा शेकडो झडपा त्यांनी स्वतः बसवल्या होत्या. कुणी तरी शहाणा तिथून पाणी उडतं म्हणून तिला चिंध्या बांधायचा, आणि खाली सगळी लाइन गळायला लागायची. मग साहेब त्याला भर चौकात अक्कल शिकवायचे. आज तो शहाणा इथे उभा होता, मिश्यांसकट.

थाप मारणं सोपं होतं. गॅरेजवाल्याचं नाव घ्यायचं, की मोकळं. तोंडाशी आलंही असेल. पण ट्रक वहिनींचा, समुद्र वहिनींचा, आणि त्यांची नजर अजून हलली नव्हती.

"मी मारलं," साहेब म्हणाले. "ते हवेचं भोक आहे. मी बंद केलं, म्हणून बाकी सगळीकडून गळत होतं. गाढवपणा झाला."

आत्याबाईंनी शेजारचा खांब धरला. एवढ्या वर्षांत या माणसाच्या तोंडून असलं वाक्य कुणी ऐकलं नव्हतं.

"पण," साहेबांच्यानं राहवेना, "बसलं किती घट्ट होतं ते तुम्हीच सांगा!"

इन्स्पेक्टरचा दगड जरासा हलला. तो म्हणाला, "ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार!" आणि हसायला लागला. हसताना दुखत होतं, म्हणून हसू थांबवत होता, आणि थांबवलं की आणखी येत होतं. शेवटी डोळे पुसून म्हणाला, "भोकाला बाजारातून हवा सोडणारी नवी टोपी आणून बसवा. माझ्यासमोर. मग पुन्हा चढावर घ्या. एक जरी थेंब पडला तर शिक्का नाही."

टोपी आणली. बसवली ती वहिनींनी. साहेबांच्या हाताला हातोडी लागू द्यायची नाही असं सर्वांचं एकमत झालं होतं. ट्रक चढावर गेला, खाली आला, परत गेला. मग इन्स्पेक्टर, कारकून, डॉक्टर, आत्याबाई आणि साहेब अशी सगळी मंडळी ओळीनं वाकून ट्रकच्या पोटाखाली बघत राहिली. पाठीला रग लागली तरी कुणी सरळ होईना. गोळा हिरवागार आणि कोरडा ठणठणीत होता. आत कोंडलेलंच काही नव्हतं, तर बाहेर ढकलणार काय?

इन्स्पेक्टरनं उभ्याउभ्याच सही केली. बसायचा आग्रह कुणी केला नाही.

सोमवारी निघाले ते संध्याकाळी समुद्रावर पोचले. रस्त्यात साहेबांनी तीनदा वाट चुकवली आणि तिन्ही वेळा रस्ताच चुकल्याचं पटवून दिलं. वहिनींनी ट्रक वाळूच्या कडेला लावला, चपला काढल्या, आणि पदर खोचून सरळ पाण्याजवळ जाऊन बसल्या. पाणी त्यांच्या पायांशी यायचं, बोटांना लागायचं आणि मागे जायचं. त्यांचा चेहरा असा झाला होता की साहेबांनी पाइपांबद्दलची एक चांगली गोष्ट सांगायला तोंड उघडलं होतं, ते आपणहून मिटलं.

बराच वेळ दोघं शेजारी बसून होती. मग साहेब अस्वस्थ झाले. पुढे वाकले. मान तिरकी केली. मघाशी पाणी वहिनींच्या पायाला लागत होतं. आता हातभर लांब होतं. थोड्या वेळानं आणखी लांब. मागे उरलेली ओली वाळू रुंद होत चालली होती. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं, मग उठले आणि पँट दुमडायला लागले.

"कुठे निघालात?"

"अगं, पाणी उतरतंय," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, समुद्राला ऐकू जाऊ नये म्हणून. "कुठे तरी गळतंय."

वहिनींनी त्यांचा हात धरून त्यांना खाली ओढलं.

"गळू द्या," त्या म्हणाल्या. "बसा."

आणि साहेब बसले.